नरसक्का ताईच्या उंबऱ्यात बसली

माझ्या ताईला जिवंत ठेवणारी बाई आज सकाळी गेली.

नरसक्का. विडी वळणारी. सोलापुरात चाळीतली आमच्या शेजारची खोली तिची. घरात तेलुगू बोलायची, पण भांडायला तिला मराठीच लागायची.

तिच्याबद्दल चार ओळी लिहायला बसलोय. सहावी शिकलेला माणूस मी. काही चुकलं तर समजून घ्या.

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर साल असेल. मी गिरणीत बदली कामगार. ताईला त्याच चाळीत दिलेली. दाजी पहिली पाळी करून दुपारी यायचे आणि कशावरूनही तिला मारायचे. भाजीतलं मीठ. दारातली चप्पल. काहीही.

मी बोललो की तिला दुप्पट मार.

चौकीत गेलो. "घरातलं घरात मिटवा," म्हणाले.

एकदा तिचं डोकं फुटलं. मला वाटलं, आता ताई जगत नाही.

नरसक्का म्हणाली, "बाळू, तू नको जाऊ. आमी जातो."

"जाऊन काय करणार?"

"विडी वळणार. दुसरं काय येतंय आमाला?"

दुसऱ्या दिवशी ती सूप घेऊन ताईच्या उंबऱ्यात बसली. मागोमाग चाळीतल्या सगळ्या विडीवाल्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, हातात पानं कातरायची कात्री. ताईला मधे घेतलं.

दाजी आले. "हितं का बसलाय?"

"तुमच्या दारात उजेड बरा हाय की."

"उठणार कवा?"

"हजार विड्या झाल्या की."

"आन् उद्या?"

"पोट उद्याबी लागतंय की, दाजी."

आत जायचं तर त्यांना "सुपं सरकवा" म्हणावं लागायचं. बाया सावकाश सरकवायच्या. हसायच्या.

एक दिवस त्यांनी सगळ्यांसमोर हात उचलला.

कात्र्या थांबल्या. सगळ्या एकदम.

"मारा की," नरसक्का म्हणाली. "आमी बघतोय. उद्या गिरणीच्या गेटवर सांगाया बरं पडंल."

हात खाली आला.

पावसाळाभर बाया तिथं बसल्या. तोवर ताईची बोटं विडी वळायला तयार झाली. नरसक्कानं तिला विडी कारखान्यात कामाला लावलं. मग ताई आपल्या लहान पोरीला घेऊन वेगळी राहिली. अजून ठणठणीत आहे. रोज फोनवर मला रागावते.

आता मी फ्लॅटमध्ये राहतो. शेजारून कधीकधी बाईच्या रडण्याचा आवाज येतो. माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. सून म्हणते, "बाबा, बीपी वाढेल. त्यांचं ते बघतील."

काय करावं, ते गेल्या आठवड्यात नरसक्काला विचारायला गेलो. ती अंथरुणात.

म्हणाली, "मला घेऊन चल तितं."

"अक्का, तुला उठवत नाही."

"उठायचं कुटं हाय? बसायचंच हाय की."

आज दुपारी तिला स्मशानात पोचवून आलो. संध्याकाळी शेजारचं दार वाजवणार आहे. काय बोलायचं, सुचत नाही. भीती वाटते. ताई म्हणाली, "मी येते संगं."

अक्का, तू हवी होतीस.

तुला शेवटचा नमस्कार.