दुसऱ्यांदा न विचारलेली मासवडी

लेक डॉक्टरकी शिकायला समरकंदला होती, तेव्हा पाच वर्षं जिच्या घरी राहिली ती बाई दोन दिवसांसाठी आमच्या डिंगोऱ्याला आली. मला काय करू नि काय नको असं झालेलं. पहाटे उठून खोबरं-तीळ भाजले, बेसन घाटलं, मासवड्या थापल्या. माझ्या लेकीला जिनं खाऊपिऊ घातलं ती माझ्या घरी अर्धपोटी राहता कामा नये, एवढंच डोक्यात होतं.

पण आमचे हे पडले मोबाईलवरचे पंडित. "आग्रह अजिबात करायचा न्हाई. फॉरेनच्या लोकांला लई राग येतो. एकदा इचारायचं, बास."

लेक दवाखान्यात ड्यूटीला गेलेली. पाहुणीनं दोन वड्या खाल्ल्या. मी ताटली पुढं केली, तर तिनं छातीवर हात ठेवून मान हलवली. माझा हात नुसता शिवशिवत होता! तरी मन घट्ट केलं नि ताटली आत नेली. ह्यांनी शाबासकीची मान डोलावली. बाई बिचारी एवढंसं तोंड करून ओट्यावर जाऊन बसली.

दुपारी लेक आली. दोघी तिकडच्या भाषेत काहीतरी बोलल्या आणि लेक हसत हसत खालीच बसली.

"अगं आई, ती विचारतेय, माझं येणं तुझ्या आईला आवडलं नाही का? एकदाच विचारलं नि उचलून नेलं! त्यांच्यातही दोन-तीनदा नको म्हणायचं नि मग जेवायचं असतं."

मी कपाळावर हात मारला. मध्ये केवढे डोंगर, किती देश, आणि 'नको' म्हणजे 'परत विचारा' हा कायदा इथून तिथून सारखाच! अर्ध्या आशियात तोच चालत असणार, माझी तर खात्रीच पटली.

"घाला तो मोबाईल चुलीत," मी ह्यांना म्हणाले आणि पदर खोचला.

मग काय विचारता! मी वाढतेय, ती ताटावर हात आडवा धरतेय, मी तिच्या बोटांच्या फटीतून वडी सरकवतेय. दोघींना हसू आवरेना. रस्सा ह्यांच्या पायजम्यावर सांडला, त्याचं मला बरंच वाटलं.

तेवढ्यात तिनं भाकरीचा तुकडा मोडला, त्यात वडी धरली आणि थेट माझ्या तोंडात घातली. लेक हसायची थांबली. म्हणाली, "पहिल्या वर्षी मी नुसती रडायचे, जेवायचेच नाही. तेव्हा मला असंच भरवायची."

पाच वर्षं मी इथून फोनवर 'जेवलीस का' एवढंच विचारू शकले होते. माझे डोळे भरून आले. तिनं दुसरा घास पुढं केला, आणि मी एकदाही नको म्हटलं नाही.