अळणी पेज

माझा थोरला भाऊ वारला तो वहिनीने अळणी पेज घातली म्हणून, असं आमच्या गावात अजून सांगतात. पेज अळणी होती हे खरं आहे. ती तशी करायला मी सांगितलं होतं.

मी तेव्हा शाळेत नुकताच मास्तर झालो होतो. दादा उन्हाळाभर मिठागरात अनवाणी उभा राहून मीठ ओढायचा. संध्याकाळी त्याचे पाय सुजत. फार मिठाने सूज येते, असं मी वाचलं होतं. खाऱ्या पाण्यातलं मीठ तळपायांतून अंगात शिरतं, ही भर माझी. मिठागरावर न्यायची पेज खारटच करायची रीत होती. ती मी बंद करायला लावली.

"मंग चव काय ऱ्हाईल, भावजी?" वहिनीने विचारलं.

दादा हसला. "मास्तर, तुझ्या बुकातल्या मानसाला घाम येतो का न्हाय?"

तरी त्याने ऐकलं. घरात शिकलेला मी एकटाच होतो.

आठवडाभरात त्याच्या पोटऱ्यांत गोळे येऊ लागले. मी म्हणालो, पाणी भरपूर पी. तो कळशीच्या कळशी प्यायला. दुसऱ्या दिवशी दुपारी मिठागरातच बरळू लागला, आकडी आली. बैलगाडीतून दवाखान्यात नेताना वाटेतच गेला.

कातडी मीठ आत घेत नाही, हे मला फार पुढे कळलं. घामावाटे ते बाहेर मात्र जातं. ते कमी पडलं की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी रक्तातून निरोप धाडतात आणि मूत्रपिंडं उरलेलं मीठ धरून ठेवतात. पण वरून नुसतं पाणीच येत राहिलं तर ते पेशींत शिरतं. पेशी फुगतात. मेंदूच्या पेशींना कवटीत फुगायला जागा नसते. दादाच्या शरीराने आठवडाभर तोल सांभाळला होता.

दहाव्याला आई सगळ्यांदेखत वहिनीला म्हणाली, "माज्या पोराला चिमूटभर मीठ द्याला तुझा हात धजला न्हाय?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी पाहुण्यांना पाणी देत राहिलो. तिने माझं नाव घेतलं नाही. पुढच्या आठवड्यात तिचा भाऊ तिला माहेरी घेऊन गेला.

बऱ्याच वर्षांनी एका लग्नात भेटली, तेव्हा मी विषय काढला. ती म्हणाली, "आता मना सांगून काय, भावजी? तवा आईला सांगाचा व्हता."

आई तोवर गेली होती. आता वहिनीही नाही. तिचे भाचे आहेत. हे त्यांना आणि आमच्या घरच्यांना, दोन्हीकडे एकाच दिवशी वाचायला देणार आहे.