लख्ख काचपट्टी

रक्त तपासायच्या ठिकाणी बोटाला स्पिरिट लागलं, की भोपाळच्या कारखान्याच्या कॉलनीतली आमची तापाने फणफणलेली गाय आठवते. गुरांच्या डॉक्टरांनी तिच्या कानाचं थेंबभर रक्त काचपट्टीवर पसरलं आणि गोचिडांचा ताप आहे का, ते पाहायला सरकारी लॅबमध्ये न्यायला सांगितलं. सरकारी कचेरीत मळकी वस्तू कशी न्यायची, म्हणून आईने पट्टी राखेने लख्ख घासून नेली. लॅबवाले बराच वेळ मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले, मग म्हणाले, "बहनजी, इसमें तो कुछ भी नहीं है." आईने शेजारीपाजारी पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी तिने घासल्याचं कौतुकाने सांगितल्यावर डॉक्टरांनी नवं रक्त काढलं आणि पट्टी स्वतःच्या खिशात ठेवली. जंतू सापडले, गाय वाचली. माझा रिपोर्ट मात्र आजही नॉर्मल आला, की वाटतं, कुणी पट्टी घासून तर नेली नसेल?