मोठ्या बाईंची खुर्ची

"आधी एवढंच सांगा मामा, चावली का कुणाला?"

"चावली नाही."

"बाटली फेकली?"

"नाही हो."

"भिंतीवरून उडी टाकून पळाली?"

"कुठं पळते? तिथंच बसलीये. मांडी घालून, साधूसारखी."

"मग एवढी सायकल हाणत कशाला आलात? मला वाटलं कुणाचा कान तुटला."

शाळेच्या शिपायानं सायकल दुकानाच्या खांबाला टेकवली, रुमालानं मान पुसली आणि म्हणाला, "मोठ्या बाईंची खुर्ची सोलली तिनं."

"सोलली म्हणजे?"

"सोलली म्हणजे सोलली. केळं सोलतात तशी. नुसता सांगाडा उरलाय. बाई उभ्या आहेत आणि तुम्हाला आत्ताच्या आत्ता बोलावलंय."

दुकानातल्या बाईनं तोंडात धरलेले बारीक खिळे तळहातावर काढले. स्कूटर आणि मोटरसायकलींच्या सीटा शिवायचं तिचं दुकान. गॅरेजांच्या ओळीत, एका बाजूला पंक्चरवाला आणि दुसऱ्या बाजूला पत्रा ठोकणारा. बापाच्या हाताखाली शिकली, बाप गेल्यावर गादीवर तीच बसली, आणि आता सगळी ओळ तिला सीटवालीच म्हणते. मांडीत सीट, बोटाला चिकटपट्टी, केसात खडूची पूड. अशी बाई सहजासहजी उठत नाही. ती उठली.

"टरकावली की उसवली?"

"त्यात काय फरक?"

"फरक आहे. नीट आठवून सांगा."

शिपायानं डोकं खाजवलं. "फाटलेलं तर काही दिसलं नाही. कव्हर घडी घालून टेबलावर ठेवलंय. आणि पिना पेनांच्या डब्यात."

पंक्चरवाल्यानं पाण्यातली ट्यूब वर काढली. "घ्या. कारागीर झाली की पोरगी. आता तुम्ही घरी बसा वहिनी."

"हसू नको भाऊ. सही करून दिलीये मी त्या बाईंना."

सही कशावर होती हे सगळ्या ओळीला ठाऊक होतं. पोरगी सात वर्षांची. तिला घरीदारी ठिणगी म्हणत, आणि हे नाव लाडानं पडलेलं नव्हतं. पहिल्या शाळेनं तिला चार महिन्यांत काढली, दुसरीनं दीड महिन्यात. ही तिसरी. इथंही तीन मुलांना चावून झालं होतं, एका बाईंच्या कपाळावर पाण्याची बाटली बसली होती. मोठ्या बाईंनी कागद पुढं ठेवला होता: यापुढे एकही तक्रार आली तर नाव कमी. चालत जाण्याच्या अंतरावर चौथी शाळा नव्हती, आणि असती तरी या पोरीची कीर्ती पोरीच्या आधी तिथं पोचली असती.

सीटवालीनं पिशवीत पक्कड, चपट्या तोंडाचा पेचकस आणि पिना मारायचं यंत्र टाकलं. वर फोमचा एक तुकडा कोंबला.

"पिशवी कशाला?" शिपायानं विचारलं.

"उसवलेलं तसंच ठेवून येऊ का? चला."

*

या पोरीपायी तिनं काय काय केलं नव्हतं. सासू म्हणायची, "चार रट्टे कमी पडलेत तुझ्या हातचे." रट्टे देऊन झाले. पोरगी रडली नाही, उलट आईच्या हाताला असा दात लावला की दोन दिवस सुई धरता येईना. मग खोलीत कोंडून पाहिलं. दाराची कडी आतून खिळखिळी झाली, पोरगी तशीच्या तशी. लाडीगोडी लावली, खाऊ दिला, पोरगी खाऊ खाऊन चावली. नवरा ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. तो यायचा तेव्हा पोरगी बापाच्या खांद्यावर, गुणाची. तो म्हणायचा, "माझ्याजवळ तर कशी शहाणी असते." त्यावर सीटवाली म्हणायची, "दोन दिवस तर मीही शहाणी असते."

शेवटी सरकारी दवाखान्यात मुलांची एक डॉक्टरीण भेटली. वयानं लहान, पण वेळ दिला तिनं. ती म्हणाली, "राग येऊ नये हे तुमच्या हातात नाही. येण्याआधी काय होतं ते बघा. आणि आल्यावर हातांनी काय करायचं ते तिला शिकवा."

सीटवाली बघत राहिली. पोरीचं बिनसायचं ते ठरलेल्या गोष्टींवर. रोजची जागा बदलली, रोजची वाट बदलली, एकदम कलकलाट झाला, की बिनसलंच. आणि दात लागायच्या आधी बोटं फ्रॉकच्या काठाशी जायची. दोरा उपसायची. चार दोरे निघेपर्यंत वेळ असायचा, मग स्फोट.

हात काम मागताहेत, हे शिवणकाम करणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. एका दुपारी बोटं काठाशी गेली तशी तिनं एक जुनी सीट पोरीच्या मांडीत आदळली आणि पेचकस हातात दिला. "घे. हिच्या पिना काढ."

पहिली सीट पोरीनं फाडूनच टाकली. सीटवालीनं दुसरी दिली. "फाडायचं नाही. फाडायला काय, कुत्रंही फाडतं. उसवायचं. जुनं कव्हर अख्खं निघालं पाहिजे, त्याच्यावरूनच मी नवं बेतते. भोक पडलं की माझं माप गेलं."

दुसरीही फाटली. तिसरीही. सीटवाली हट्टी, पोरगी आईवरच गेली होती. सातव्या सीटेला कव्हर अख्खं निघालं. पिन खालून उचलायची, हिसडा द्यायचा नाही, पक्कडीनं सरळ वर घ्यायची, वाटीत टाकायची. एका सीटेला साठ-सत्तर पिना. तेवढ्या निघेपर्यंत राग कुठल्या कुठं. गेल्या महिनाभरात घरी चावा नव्हता. सासूसुद्धा गप्प झाली होती, आणि सासू गप्प होणं ही त्या घरातली लहान गोष्ट नव्हती.

*

मोठ्या बाईंच्या खोलीत ठिणगी फरशीवर बसली होती. समोर खुर्ची आडवी. फोमचा पिवळा चौकोन भिंतीला टेकवलेला, कव्हर टेबलावर चौघडी. हातात स्टीलची मोजपट्टी. मोठ्या बाई खिडकीशी उभ्या. अंगानं भरलेल्या, गुडघे दुखणाऱ्या बाई. उभं राहायची त्यांना सवय नव्हती आणि ते चेहऱ्यावर दिसत होतं.

"बघा," त्या म्हणाल्या. "वर्गात जागा बदलली म्हणून आरडाओरडा केला. मी वर्गाच्या बाईंना म्हटलं माझ्या खोलीत बसवा, शांत होईल. मी अर्धा तास बैठकीला गेले. येऊन बघते तर हे."

सीटवालीनं कव्हर उलगडलं, उजेडात धरलं, चारी कडा पाहिल्या. एक भोक नाही. कौतुकाचा शब्द ओठांवर आला, तो तिनं तिथंच दाबला. ही वेळ शाबासकीची नव्हती.

"कुणाला चावली नाही ना ही?"

"नाही. पण म्हणून—"

"ओरडली, आणि मग इथं येऊन बसली. बरोबर?"

"अहो, पण माझी खुर्ची."

"हो. खुर्ची." सीटवाली उकिडवी बसली, पोरीच्या तोंडासमोर तोंड आणलं. "कुणाला विचारून उसवलीस?"

पोरीनं मोजपट्टी फरशीवर घासली. "कोपरा सुटला होता."

"सुटला असेल. विचारलंस कुणाला?"

"तू पण नाही विचारत."

"मी?"

"तू नुसती देतेस. म्हणतेस घे, उसव."

सीटवालीच्या धंद्यात गिऱ्हाइकानं हो म्हटल्याशिवाय एक पिन निघत नाही. हो म्हटलं की ती सीटेवर खडूनं फुली मारते, आणि फुली नसलेल्या सीटेला तिच्या बापानंही कधी हात लावला नव्हता. पण हे सगळं सकाळी व्हायचं, पोरगी शाळेत असताना. दुपारी पोरीपुढं पडायची ती फुली मारलेली सीट. पोरीला ती फुली म्हणजे मळ वाटत असणार. कसं उसवायचं ते महिनाभर शिकवलं. कुणाचं आणि कधी, हे शिकवायचं राहूनच गेलं.

ती उठली. "बाई, चूक माझी आहे. निम्मं काम शिकवलं मी तिला." आणि तिनं फुलीचं सगळं सांगितलं, काही न लपवता.

"हे सगळं ठीक आहे हो," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण माझ्याकडे पाचशे मुलं आहेत. उद्या ही बाकं उसवेल."

"बाकं लाकडाची आहेत."

मोठ्या बाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. सीटवाली चेष्टा करत नव्हती.

"आधी खुर्ची करू देता का? तुम्ही किती वेळ उभ्या राहणार? मग काय काढायचं ते नाव काढा."

मोठ्या बाईंनी मान डोलावली, तशी तिनं पिशवी ओतली. जुना फोम बसून पापड झाला होता. तिनं त्यावर नव्याचा थर घातला. पोरीला म्हणाली, "धर. ओढ. बाईंची खुर्ची आहे, बाईंनी सांगितलंय, म्हणून करतोय. कळलं?" पोरीनं पाय फरशीला रोवून कव्हर ओढलं. आई यंत्र दाबत गेली.

तीन बाजू झाल्या आणि मधल्या सुट्टीची घंटा झाली. खोलीच्या दाराबाहेरच घंटा, आणि मागोमाग पाचशे पोरांचा लोंढा. ठिणगीचा चेहरा बदलला. कव्हर सुटलं, आणि बोटं फ्रॉकच्या काठाशी गेली.

"हे बघा," सीटवाली हळू म्हणाली, मान न वळवता. "बोटं बघा तिची. यानंतर दात."

मोठ्या बाई पुढं वाकल्या. पोरीनं एक दोरा उपसला. दुसरा. सीटवालीनं पेनांचा डबा फरशीवर उपडा केला. "पिना वेच. वाकड्या इकडे, सरळ तिकडे."

मग पोरगी खाली बसली आणि पिना वेचू लागली. बाहेर कालवा चालू होता, इथं वाकड्या इकडे, सरळ तिकडे. मोठ्या बाई बघत होत्या. चौथी बाजू सीटवालीनं एकटीनंच ओढून घेतली.

खुर्ची उभी केली तेव्हा सुट्टी संपून मुलं वर्गांत परतली होती. मोठ्या बाई जपून बसल्या, थोड्या हलल्या. "आधीपेक्षा बरी झाली."

"आधी तुम्ही फळीवरच बसत होता. आता माझं ऐका. वर्गात मागं एक जुनी सीट ठेवते. तिच्यावर फुली असेल. बोटं काठाशी गेली की वर्गाच्या बाईंनी तिला मागं पाठवायचं. पेचकस नको, बोथट पट्टी देते. फुली नसलेल्या कशाला हात लावला तर मी स्वतः नाव काढून नेईन, तुम्हाला शिपाई पाठवायला लागणार नाही."

"वर्गात स्कूटरची सीट? तपासणीला कुणी आलं तर काय सांगू?"

"सांगा, मोठ्या बाईंची गाडी दुरुस्तीला आहे."

बाईंच्या ओठांचा कोपरा हलला, पण त्यांनी आवरलं. "एक महिना," त्या म्हणाल्या. "आणि जागा बदललीये ती बदललीच. तिनं आत्ता वर्गात जाऊन त्याच जागेवर बसायचं. तेवढं जमत असेल तर बघू."

सीटवालीनं पोरीला सांगितलं. नवी जागा, खिडकीपासून तिसरी. पोरगी म्हणाली, नाही. सीटवाली म्हणाली, जायचंय. पोरगी वळली आणि आईच्या डाव्या मनगटात दात रोवले.

मोठ्या बाई ताडकन उठल्या. "अहो, ओढा हात."

"ओढला की फाटतं," सीटवाली म्हणाली. डोळ्यांत पाणी आलं होतं, आवाज जागेवर होता. "थांबलं की सुटतं." ती उभी राहिली. मारलं नाही, ओरडली नाही, हात हलवला नाही. बऱ्याच वेळानं दात सुटले. पोरगी धापा टाकत होती.

"झालं? आता वर्गात. खिडकीपासून तिसरी."

पोरगी जागची हलेना. सीटवालीही हलेना. शिपाई दारात आला, बघून परत गेला. मग पोरीनं नाक पुसलं, दाराकडे गेली, आणि व्हरांड्यातून तिच्या चपलांचा फटक-फटक आवाज वर्गाच्या दिशेनं जाताना ऐकू आला.

मोठ्या बाईंनी तो कागद पुढं ओढला. "हा चावा धरायचा की नाही?"

"मला चावली, शाळेला नाही."

"तुम्ही फार वाद घालता."

"तिची आई आहे मी."

मोठ्या बाईंनी कागद खणात टाकला आणि खण लावला. "उद्या सकाळी घंटेच्या आधी सीट आणा. वर्गाच्या बाईंना तुम्हीच समजावून सांगायचं, मी नाही. एक महिना म्हणजे एकच महिना."

"महिना पुरे आहे," सीटवाली म्हणाली. पुरे आहे की नाही ते तिला ठाऊक नव्हतं. वर्गाच्या दारावरून जाताना तिनं आत पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पोरगी उठली असती.

दुकानात टपालवाला पंक्चरवाल्याच्या टायरवर बसून वाट बघत होता. त्याची स्कूटर बिनसीटेची उभी, खाली बॅटरी दिसतेय.

"कुठं होता हो बाई? अर्धी टपालं राहिलीत माझी. या सापळ्यावर बसून वाटू का?"

"बसा घटकाभर. तुमचीच घेते."

"राहिलं का नाव?" पंक्चरवाल्यानं विचारलं.

"महिनाभर राहिलं."

"मनगटाला काय झालं?"

"काही नाही. पाणी दे जरा."

तिनं मनगट धुतलं, रेक्झिनला लावायची चिकटपट्टी त्यावर गुंडाळली आणि गादीवर बसली. डाव्या हातात जोर येईना, तेव्हा तिनं टपालवाल्याची सीट दोन्ही गुडघ्यांत दाबून धरली, खिळे तोंडात घेतले आणि कव्हर ओढलं.