न विचारलेली साखर

दिल्लीतलं मराठी घर हे घर नसतंच, धर्मशाळा असते, असं हेमलताबाई म्हणायच्या आणि पाहुणा दारात दिसला की हसून त्याची बॅग आत घ्यायच्या. लक्ष्मीबाई नगरातलं दोन खोल्यांचं सरकारी क्वार्टर. कुणाचा इंटरव्ह्यू, कुणाचं एम्समध्ये दाखवणं, कुणाची वैष्णोदेवी, सगळ्यांचा मुक्काम तिथेच. यजमान श्यामकांत केंद्र सरकारच्या एका खात्यात नोकरीला. "दिल्लीला आलात की आमच्याकडेच उतरायचं," असं ते गावभर सांगत सुटायचे. त्यांचं काय जात होतं म्हणा! कणीक थोडीच ते मळत होते?

तीस वर्षं बाईंनी हे ओढलं. आता खरंच जीव दमला होता. गुडघे कुरकुरत होते आणि दाराची बेल वाजली की नजर आधी कणकेच्या डब्याकडे जायची. एका गोष्टीचा मात्र त्यांना चोरटा अभिमान होता. चहात साखर किती, हे त्या पाहुण्याला पहिल्या खेपेलाच काय ते विचारायच्या. मग तो सात वर्षांनी उगवला तरी पुन्हा विचारायचं नाही, कप बरोबर तसाच समोर यायचा. स्वतःचा चहा सगळ्यांचं झाल्यावर, ओट्यापाशी उभ्यानं.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी करोल बागेतल्या एका मराठी वाचनालयातून रहस्यकादंबरी आणली होती. डोंगरातला एकाकी बंगला, मोटार बिघडली म्हणून आश्रयाला आलेला परका माणूस. घरातले पाचही जण म्हणतात, याला आम्ही जन्मात पाहिलेलं नाही. आणि सकाळी तो अंथरुणात मेलेला. पोळ्या लाटता लाटता, दूध उतू जाऊ देत बाईंनी ती वाचत आणली. चाळीस पानं उरली होती. तेवढ्यात मुक्कामाला असलेल्या चुलतदिरांनी, राजाभाऊंनी, 'गाडीत वाचायला' म्हणून न विचारता ती उचलली आणि भुसावळला डब्यातच विसरून उतरले. वाचनालयात ती एकच प्रत. खुनी कोण, ते बाईंना कळलं नाही ते नाहीच.

आणि आता त्या कादंबरीवर सिनेमा निघाला होता. कोपर्निकस मार्गावरच्या एका सभागृहात रविवारी सकाळी एकच खेळ. "मी जाणार," बाईंनी जाहीर केलं. योग असा, की राजाभाऊही त्याच रविवारी यायचे होते, आग्र्याहून. पण ते संध्याकाळी. बाईंनी पहाटे उठून दोन्ही वेळचा स्वयंपाक उरकला आणि श्यामकांतांना बरोबर घेऊन निघाल्या.

खुर्चीत बसल्यावर वाटलं, आता झोप लागणार. छे! सिनेमानं मानगूटच धरलं. पहिली दहा मिनिटं कुणी धड बोलत नाही, नुसतं दाराचं कुरकुरणं आणि जिन्यावरची पावलं. शेजारचे श्यामकांत कुजबुजले, "खुनी डॉक्टरच आहे बघ. मी लिहून देतो." सगळ्या सभागृहाला डॉक्टरचाच संशय होता.

मग चहाचा प्रसंग आला. कादंबरीत तो एका ओळीत आटोपला होता, 'चहापान झालं' एवढंच. इथे बंगल्यातली थोरली सून ट्रे घेऊन प्रत्येकापुढे जाते. घरच्यांच्या कपात न विचारताच ज्याची त्याची साखर. घरी आलेल्या डॉक्टरला मात्र विचारते, साखर किती? दोन. परक्या माणसापुढे येते, साखर न घालताच कप ठेवते आणि पुढे जाते. तो मुकाट पितो. ना संगीत, ना चेहरा मोठा करून दाखवणं. डोळ्यांची पापणी लवली असती तर निसटलंच असतं.

हेमलताबाई ताठ बसल्या. "अहो, तिनं त्याला विचारलं नाही."

"काय?"

"साखर! ती ओळखते त्याला. तीच आहे."

"काहीतरीच काय!" श्यामकांत म्हणाले.

बाईंना दिग्दर्शकाचे पाय धरावेसे वाटले. तीस वर्षं ज्या कामात आपण झिजलो, त्यातलं कुणीतरी इतक्या बारकाईनं पाहिलं होतं. त्यांना रडूच आलं.

शेवटची पंधरा मिनिटं उरली असतील, तोच श्यामकांतांचा मोबाईल थरथरला. "राजाभाऊ आलेसुद्धा! दाराशी उभे आहेत. चल, निघूया."

"मी येणार नाही."

"अगं, पाहुणा दारात..."

"तर तुम्ही जा. त्यांनी एकदा माझी चाळीस पानं नेली आहेत. आज ही पंधरा मिनिटं नाही द्यायची मी."

मागून कुणीतरी 'श्श' केलं. श्यामकांत अर्धे उठलेले पुन्हा बसले. पडद्यावर थोरली सून खिडकीशी उभी राहून पोलीस अधिकाऱ्यापुढे शांतपणे सगळं कबूल करत होती. तीच होती. लग्नापूर्वी ती त्या माणसाला ओळखत होती. श्यामकांतांनी तोंडाचा आ करून बायकोकडे पाहिलं. दिवे लागेपर्यंत बाई जागच्या हलल्या नाहीत.

बाहेर फुटपाथवर चहाची टपरी होती. "मानलं बुवा तुला," श्यामकांत म्हणाले, "बस, मी चहा सांगतो." तीस वर्षांत पहिल्यांदा. टपरीवाल्यानं विचारलं, "आंटीजी के लिए चीनी कितनी?"

श्यामकांतांनी तोंड उघडलं. मग ते वळले आणि ओशाळून म्हणाले, "अगं... तुला साखर किती?"

हेमलताबाई बघतच राहिल्या. मघाच्या त्या पोलीस अधिकाऱ्यानं या माणसाला तिथल्या तिथे सोडून दिलं असतं. बाईशी आधीची ओळख असल्याचा कसलाच पुरावा नव्हता. त्यांना हसू आलं आणि त्या हसण्यानंही दमायला झालं.

"बिना चीनी, भैया," त्यांनी स्वतःच सांगितलं. लहानपणापासून त्या तसाच पीत आल्या होत्या.

मोबाईल पुन्हा थरथरू लागला. श्यामकांतांनी त्यांच्याकडे पाहिलं. बाईंनी कप घेतला आणि बाकावर नीट टेकून बसल्या. हा चहा त्या बसून पिणार होत्या.