बाबांच्या शिरांमधले दरवाजे

मी आदिलाबादकडच्या वांकिडीच्या मराठी शाळेत विज्ञान शिकवत होते, तेव्हा सरकारकडून रक्ताभिसरणाचा तक्ता आला तो तेलुगूत. पोरांना वाचता येईना, म्हणून मी घरून बाबांनाच आणलं. जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात राबलेल्या त्यांच्या हातांवर शिरा सुतळीसारख्या उठून दिसत.

दंडाला रुमाल बांधला तशा शिरा फुगल्या, मधे मधे गाठी दिसू लागल्या. "या गाठींपाशी आत झडपा असतात," मी पोरांना म्हटलं. "शिरेतलं रक्त हृदयाकडे जातं. ते मागे फिरू नये म्हणून ही एकाच बाजूला उघडणारी दारं." मग मनगटाजवळ एका बोटानं शीर दाबून धरली आणि दुसऱ्या बोटानं रक्त वर, गाठीच्या पलीकडे सारलं. दुसरं बोट उचललं, तरी मधली शीर रिकामीच. खालचं उचलताच भरली.

पोरांपेक्षा बाबाच चकित. "साठ वर्सं हे दरवाजे घेऊन फिरून राह्यलो, अन् मले पत्ताच नाई!"

तेव्हापासून बाबा रुमाल बांधायला तयारच असत. चहाच्या टपरीवर, बस स्टँडवर. एकदा भाजीवालीच म्हणाली, "काका, आधी वांगी घ्या, मंग दरवाजे दाखवा."

पुढे धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे आले. मुलाचे वडील आदिलाबादच्या कचेरीत कारकून, अंगानं चांगले भरलेले. पोह्यांच्या बशा येतात न येतात तोच बाबांनी बाही वर केली. प्रयोग पाहून कारकून खूश झाले आणि त्यांनी आपलाही हात पुढे केला. बाबांनी रुमाल आवळला, थोपटलं, चोळलं, चष्मा लावून दुसराही हात तपासला. एक शीर सापडेना.

"पाहुणे," बाबा खरोखरच्या काळजीनं म्हणाले, "तुमच्यात रगत हाये ना?"

आईनं कपाळाला हात लावला. पाहुणे लाल झाले. "काऊन? मी का मेलो का?"

"काका, शिरा चरबीखाली लपतात," मी घाईनं म्हटलं आणि स्वतःच जीभ चावली. "तुम्ही नाडी बघा." त्यांची दोन बोटं त्यांच्याच मनगटावर, अंगठ्याच्या खाली ठेवली. "ही धमनी. हृदयातून रक्त जोरानं येतं, म्हणून हिची भिंत जाड आणि लवचीक. दर ठोक्याला फुगते."

ते डोळे मिटून बसले. एकदम ओरडले, "लागली! उडून राह्यली!"

मग त्यांनी सगळ्यांच्याच नाड्या बघायला घेतल्या. आईची, माझी, शेवटी मुलाची. तेवढ्यात बहीण चहा घेऊन बाहेर आली.

"अरे, तुही नाडी एवढी काऊन पळून राह्यली?" कारकुनांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. "आतापर्यंत तं बरी होती!"

मुलगा हात ओढत होता, ते सोडत नव्हते.

"पसंत हाये," तो पुटपुटला. "आता तं सोडा, बाबा."

लग्न त्याच उन्हाळ्यात झालं.