वसुलीवाल्याने आत सरकवलेली नोटीस

धरमपेठेतलं माझं स्टेशनरीचं दुकान बंद होऊन सहा वर्षं झाली, तरी लॅमिनेशन मशीनच्या थकलेल्या हप्त्यांसाठी फोन येतच होते. मशीन कागद गिळतं म्हणून मी हप्ते थांबवले होते. कंपनीचं म्हणणं, मशीन उत्तम आहे. शेवटी एका दुपारी वसुलीवाला घरीच आला. माणूस धिप्पाड, पण चपला दाराबाहेर काढून आत आला. मी त्याला पाणी दिलं आणि मशीन दाखवलं.

"तुमाले चालवता येत नसन, काका. द्या इकडे."

त्याने मशीन तापवलं आणि दुसरा कागद जवळ नव्हता म्हणून माझ्या नावाची नोटीसच प्लॅस्टिकमध्ये घालून आत सरकवली. ती गेली ती गेलीच. जळका वास आला तेव्हा आम्ही दोघांनी मिळून वायर उपटली.

तो बराच वेळ वाकून मशीनच्या आत पाहत राहिला. मग मलाच म्हणाला, "आता साहेबाले काय सांगू?"

"जे पाहून राहिला, ते सांग ना गा."

त्याने फोनवर मशीन खराब असल्याचं सांगितलं. नोटिशीबद्दल अवाक्षर काढलं नाही. महिन्याभराने कंपनीने हप्ते माफ केले आणि मशीन परत मागवलं. न्यायला तोच आला. मशीन परत मिळाल्याची पावती मात्र मी त्याच्याकडून हाताने लिहून घेतली.